शिलेदाराचें घर : नालबंदी, रोजमुरा आणि बालपरवेशी

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें चाळणाऱ्यास ‘शिलेदार’ हा शब्द पदोपदीं भेटतो. ज्याचें घोडें व हत्यार स्वतःचें तो शिलेदार, आणि ज्यास तीं सरकारांतून मिळतात तो बारगीर, ही व्याख्याहि सर्वांच्या तोंडीं आहे. शिलेदार कोणाच्या पथकांत होता, कोणत्या मोहिमेवर गेला, कोठें ठार झाला, हें आपण मोठ्या कष्टानें शोधून काढतों. परंतु तो मोहिमेवर असतां त्याच्या घरची चूल कशी पेटत होती, वर्षाआड पाळणा हालणाऱ्या घरांत सालासालाच्या बोलीवर मिळणारा पैसा कसा पुरत होता, हा प्रश्न आम्हीं आजपर्यंत क्वचितच कोणी विचारलेला पाहिला आहे. या प्रश्नाचें उत्तर देणारे कागद नाहींत असें नव्हे. ते आहेत, पण ते आपण कागदच समजत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या शिलेदार घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. सनदा व वतनपत्रें यजमानांनीं रेशमी रुमालांत बांधून देव्हाऱ्याशेजारीं ठेविलीं होतीं, आणि तीं त्यांनीं स्नान करूनच सोडलीं. माळ्यावर दुसरें एक गाठोडें दिसलें. तें कशाचें म्हणून विचारतां, ‘वाण्याच्या आणि सावकाराच्या जुन्या चिठ्या, त्यांत इतिहास नाहीं,’ असें उत्तर मिळालें. एका बाजूनें त्यास वाळवी लागली होती. रोजमुरा पावल्याच्या चिठ्या, चंदीच्या उधारीचे हिशेब, सावकाराचीं खतें, असा तो ऐवज होता. रेशमी रुमालांतील सनदांच्या नकला पूर्वींच कोणी घेऊन गेले होते. या गाठोड्याची गांठ मात्र कोणीं सोडलेली दिसली नाहीं. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या गाठोड्याविषयीं, म्हणजे तशा प्रकारच्या कागदांविषयीं आहे.

प्रथम चाकरीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. शिवछत्रपतींच्या कारकीर्दींत पागा, म्हणजे सरकारी घोड्यांवरील बारगीर, हा लष्कराचा कणा होता व शिलेदार त्याच्या जोडीस असत. सभासदानें पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी जी उतरंड वर्णिली आहे ती पागेची. वेतन रोख अथवा वरातेनें द्यावयाचें, लष्करी माणसास गांव तोडून द्यावयाचा नाहीं, असा त्या राज्याचा दंडक होता. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत राज्यावर संकट आलें, खजिना रिता झाला, आणि सरदारांस मुलूख लावून देणें भाग पडलें. सरंजामी पद्धत रुजली ती तेव्हांपासून. सरदारास सरंजाम मिळे. सरंजामाच्या बदल्यांत अमुक राउतांनिशीं चाकरी करण्याचा त्याचा करार असे. तो राऊत जमविण्यासाठीं पथक्यांशीं बोली करी. पथक्या आपल्या भाऊबंदांशीं व गांवकऱ्यांशीं करी. कराराच्या या साखळीच्या अगदीं शेवटच्या कडीस आपला शिलेदार अडकविलेला असे. वरची प्रत्येक कडी आपला वांटा राखून उरलेला पैसा खालीं सोडी. सरंजाम पिढ्यान्‌पिढ्या चाले, शिलेदाराची बोली मात्र बहुधा एका सालाची. आपल्याच नांवावर एकट्यानें चाकरी धरणारे ‘एकांडे’ निराळे; त्यांची किंमत त्यांच्या तलवारीवर ठरे, म्हणून त्यांस मान अधिक. परंतु दुखापत झाली कीं त्यांच्या पाठीशीं पथकहि नसे.

आतां या चाकरीच्या कागदांतील शब्दांकडे वळूं. नवीन संग्राहकांकडून ज्या शब्दांचा अर्थ नेहमीं चुकतो त्यांत पहिला ‘नालबंदी’. शब्दावरून घोड्याचे नाल ठोकण्याचा खर्च असा समज होतो, व कित्येक यादींत तसा अर्थ दिलेलाहि आम्हीं पाहिला आहे. वस्तुतः नालबंदी म्हणजे चाकरीचा विसार. दसऱ्यास स्वारी निघावयाची, तत्पूर्वीं घोडें सज्ज करून हजिरीस यावें म्हणून शिलेदारास जी अगाऊ रक्कम मिळे ती नालबंदी. ती पुढें तलबेंत वजा होई. दुसरा शब्द ‘रोजमुरा’. हा मूळचा फारसी, अर्थ ‘दररोजचा’. पण तो दररोज मिळत नसे. मोहीम चालू असतां माणसाच्या व घोड्याच्या पोटास म्हणून ठराविक मुदतीनें जी रक्कम हातीं पडे ती रोजमुरा, आणि तीहि तलबेंतूनच वळती होई. तलब म्हणजे सालाचें ठरलेलें एकंदर वेतन. मोहीम आटोपल्यावर हजिरीचे कागद पाहून हिशेब व्हावयाचा आणि नालबंदी व रोजमुरा वजा जाऊन जी बाकी निघेल ती शिलेदाराची.

ही रीत आकड्यांत मांडली म्हणजे तिच्यांतील मर्म दिसतें. समजा, एका राउताची सालाची तलब ३६० रुपये ठरली. (हे आकडे आम्हीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत, कोणत्याहि दप्तरांतील नव्हेत.) निघतांना नालबंदी १०० मिळाली. मोहिमेचे आठ महिने दरमहा १५ प्रमाणें रोजमुरा १२० झाला. उरले १४०. आतां पाहा : नालबंदी बहुतेक घरांत टिकत नसे, कारण पावसाळ्यांतील उधारी फेडल्यावांचून वाणी पुढील उधारी देत नसे. रोजमुरा छावणींत माणूस व घोडें मिळून खात. म्हणजे बायकोमुलांच्या वांट्याचें जें काय तें या शेवटच्या १४० रुपयांत. आणि सर्व रकमेंत अनिश्चित एवढीच. तींतून नाण्यांचा बट्टा जाई, कसर जाई, गैरहजिरीचे दिवस कापले जात, हिशेब करणाऱ्या कारकुनाचा अंतस्थ जाई. इतकेंहि होऊन हातीं रोकड न येतां एखाद्या दूरच्या महालावरची वरात आली, आणि त्या महालांत त्या सालीं पाऊस पडलेला नसला, म्हणजे शिलेदारानें तो कागद घेऊन कमाविसदाराच्या दारीं खेटे घालावे, अथवा सावकारास तो कमी किंमतीनें विकून मोकळें व्हावें.

पूर्ण वर्षाची तलब पूर्ण न देण्याची रीत केवळ मराठ्यांचीच होती असें कोणीं समजूं नये. मोगल बादशाहींत शहाजहानच्या अमदानीपासून मनसबदारांचें वेतन महिन्यांच्या प्रमाणानें बांधलेलें असे. कागदोपत्रीं बारा महिन्यांचें, हातीं आठ महिन्यांचें किंवा सहा महिन्यांचें. मराठ्यांनीं हिशेबाच्या पुष्कळ रीती तिकडून उचलल्या. तेव्हां वेतनाचा कागद वाचतांना ठरलेली रक्कम कोणती आणि पावलेली कोणती, हें वेगळें मांडल्यावांचून त्या काळच्या सुबत्तेविषयीं किंवा दारिद्र्याविषयीं एक अक्षरहि लिहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वर आठ महिन्यांची मोहीम म्हटली, मग राहिलेल्या चार महिन्यांचें काय? मृगापासून दसऱ्यापर्यंत नद्या भरलेल्या, वाटा मोडलेल्या; लष्कर छावणीस किंवा घरोघर. या दिवसांत रोजमुरा बंद. पण घोड्याचें पोट कांहीं बंद होत नाहीं. चिपळुणाजवळील हलवर्णाच्या छावणीस शिवछत्रपतींनीं लिहिलेलें पत्र वाचकांस परिचितच आहे. उंदीर पेटती वात ओढून नेतील व गवताच्या गंजीस आग लागेल, एवढी बारीक चिंता त्या पत्रांत आहे, आणि ती सर्व पावसाळ्यापुरती बेगमी राखण्यासाठीं. दाणावैरण आधींच उधळली तर घोडीं उपाशीं मरतील आणि मग लोक कुणब्यांस उपद्रव देऊं लागतील, हा त्यांतील इशारा. सरकारी पागेची ज्या राज्यांत एवढी काळजी, तेथें खाजगी घोड्याची काळजी कोणी करावी? शिलेदाराच्या घरांत अधिक खाणारा प्राणी घोडाच होय. चंदी कमी केली तर दसऱ्याच्या हजिरींत घोडें रोडलें म्हणून नापसंत होण्याची भीति. चंदी पुरी घातली तर पोरांच्या भाकरींत कमी. या दोहोंमधील ओढाताण वाण्याच्या उधारीच्या यादींत स्पष्ट उमटते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, चंदीची उधारी हा लष्करी कागद आहे.

अर्थात् बहुतेक शिलेदार निव्वळ शिपाईगिरीवर जगत नव्हते. गांवीं थोडीबहुत वतनी किंवा मिरासी जमीन असे आणि तीच घराचा खरा आधार. डर्क कोल्फ यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत उत्तर हिंदुस्थानांतील शिपायांविषयीं हेंच दाखविलें आहे, कीं शेतकरी आणि शिपाई या दोन जाती नसून एकाच माणसाचे दोन हंगाम होते. दक्षिणेंत भीमा-नीरेच्या खोऱ्यांत व माणदेशांत, जेथें पाऊस बेभरंवशाचा आणि घोडीं मात्र चिवट निपजतात, तेथें हें अधिकच खरें. परंतु या जोडधंद्यांत एक अडचण आहे ती कोल्फ यांच्या विवेचनांत आम्हांस आढळली नाहीं. शिलेदार पेरणीस घरीं असे, पण कापणीस नसे. खरिपाची काढणी दसऱ्याच्या पुढें, रब्बीची माघ-फाल्गुनांत. दोन्ही वेळां घरधनी मोहिमेवर. राखण, काढणी, मळणी, सरकारसारा, बलुत्यांचें बलुतें, सर्व कारभार घरच्या बाईच्या आणि म्हाताऱ्या सासऱ्याच्या माथीं. सावकाराच्या वहींत पतीच्या नांवचें खातें असलें तरी आठ महिने तें चालविणारी ती बाई होती, ही गोष्ट त्या खात्यांतील तिथ्या पाहिल्यास सहज कळते.

याच अनुषंगानें आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. चातुर्मासांत आपल्यांत लग्नें होत नाहींत. म्हणजे शिलेदार घरीं तेव्हां लग्नसराई नाहीं, आणि लग्नसराई तेव्हां शिलेदार घरीं नाहीं! मुलीचें लग्न काढावयाचें तर पथकांतून निरोप घेऊन यावें लागे, आणि निरोपाचे दिवस गैरहजिरींत कापले जात. मुलीच्या लग्नास खर्च लागे तो लागेच. वर तलबहि बुडे. लष्करी पत्रव्यवहारांत, घरीं कार्य आहे, निरोप द्यावा, अशा अर्थाच्या विनंत्या येतात त्यांकडे आपण कंटाळून दुर्लक्ष करितों. त्या मागणाऱ्यानें मनांत केवढा हिशेब केला असेल हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

जन्माचेंहि तेंच. जो पुरुष ज्येष्ठ ते आश्विन एवढाच काळ घरीं असतो, त्याचीं मुलें बहुधा फाल्गुनापासून आषाढापर्यंत जन्मास यावीं. म्हणजे पुष्कळदां बाप मोहिमेवर असतां. हा आमचा केवळ तर्क आहे. परंतु तो तपासतां येण्यासारखा आहे, कारण जन्मपत्रिका आपल्याकडे थोड्या नाहींत. ज्या संग्राहकांजवळ शिलेदार घराण्यांतील पत्रिकांचीं भेंडोळीं असतील त्यांनीं त्यांतील मास मोजून पाहावे. ग्रहांपेक्षां मोहिमेचा प्रभाव त्यांत अधिक दिसला तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं.

घर वाढलें म्हणजे खाणारीं तोंडें वाढलीं हें खरें. पण शिलेदारीच्या धंद्यांत वाढतें घर हेंच भांडवलहि होतें. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला कीं त्याच्या खालीं दुसरें घोडें घालावें आणि एका राउताच्या जागीं दोन राऊत हजिरीस उभे करावे. दोनाचे चार झाले कीं स्वतःच पथक्या व्हावें. पुष्कळ पथकें अशीं भाऊ, पुतणे, जांवई मिळून बनलेलीं आहेत, हें नांवनिशीवार हजिरीच्या याद्यांतील आडनांवें सांगतात. मात्र मुलगा आणि घोडें यांची सांगड बसली पाहिजे. घोडें विकत घ्यावयाचें तें कर्ज काढून. मुलगा तयार होईपर्यंत त्या कर्जाचें व्याज वाढत राही, आणि मुलगा तयार होऊन त्या सालीं मोहीमच न निघाली तर दोघेहि बसून खात. बारगिरास ही जोखीम नव्हती, पण त्यास हा नफाहि नव्हता. चांगला बारगीर जन्मभर बारगीरच राही; शिलेदार एका पिढींत वर चढे किंवा एका लढाईंत धुळीस मिळे.

धुळीस मिळे तो घोड्याच्या मरणानें. करारांतून लढाईंत पडलेल्या घोड्याची भरपाई देण्याचीं कलमें आढळतात. परंतु घोडीं लढाईंत जितकीं मरतात त्यांहून कितीतरी अधिक रोगानें, उपासानें आणि लांबच्या मजलांनीं मरतात. या मरणाचा तोटा मालकाचा. घोडें गेलें कीं शिलेदारी गेली. मग एक तर पुन्हां कर्ज, नाहीं तर दुसऱ्याच्या घोड्यावर बारगिरी. मराठे स्वार समोरासमोरच्या झुंजींत घोडें घालण्यास कचरतात, असा ठपका तत्कालीन युरोपियन लेखकांनीं ठेविला आहे. त्यांतील समंजसांनीं त्याचें कारणहि हेंच दिलें आहे कीं, घोडें हीच त्या माणसाची एकुलती एक मालमत्ता होती. आमच्या मतें येथें शौर्याचा प्रश्नच गैरलागू आहे. ज्याच्या एका जनावरावर आठ-दहा माणसांचा संसार उभा आहे त्यानें तें जनावर वांचविलें तर त्यास भित्रा म्हणतां येत नाहीं. पुढें इंग्रजांनीं आपल्या हिंदी रिसाल्यांत हीच शिलेदारी पद्धत चालू ठेविली. १८१७ सालीं पुण्यास उभारलेला, मागाहून ‘पूना हॉर्स’ म्हणून प्रसिद्धीस आलेला रिसालाहि याच पद्धतीचा. तेथें भरती होतांना स्वारास आपल्या ‘असामी’ची किंमत भरावी लागे; मात्र मेलेल्या घोड्याच्या भरपाईसाठीं सर्व स्वारांच्या वर्गणीचा एक ‘चंदा’ उभा केलेला असे. एकट्याची जोखीम साऱ्या रिसाल्यानें वांटून घ्यावयाची ही युक्ति. पेशवाईंत असें कांहीं होतें काय, पथकांतील लोक आपसांत वर्गणी करीत काय, हा शोध घेण्याजोगा विषय आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, ती शिलेदारी पद्धतहि बंद झाली.

तलब तुंबली म्हणजे काय होई, हें मात्र सर्वांस माहीत आहे, कारण त्याचा आवाज दरबारापर्यंत पोंचे. पहिल्या बाजीरावासारखा प्रतापी पुरुष. परंतु ब्रह्मेंद्रस्वामींस लिहितांना कर्जाच्या नरकांत पडल्याचें, आणि सावकारांच्या व शिलेदारांच्या पायां पडतां पडतां कपाळ झिजल्याचें दुःख त्यानें सांगितलें आहे. हें पत्र बहुधा बाजीरावाच्या विवंचनेचा पुरावा म्हणून दाखविलें जातें. आम्हांस त्यांत सावकाराशेजारीं उभा असलेला शिलेदार दिसतो. पेशवा ज्याच्या पायां पडतो तो शिलेदार आपल्या गांवीं परत गेल्यावर स्वतः कोणाच्या पायां पडत असेल? १७६० सालीं दिल्लींत भाऊसाहेबांनीं दिवाण-ए-खासचें रुप्याचें छत उतरवून रुपये पाडले. त्यावर रसिकांनीं पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. पण तें छत उतरलें तें फौजेच्या पोटासाठीं, आणि त्यानंतर कांहीं महिन्यांतच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, त्या फौजेचें पानिपतावर काय झालें तें आपण जाणतों.

तलबेसाठीं धनी किंवा कारभारी यांच्या दारीं धरणें धरावयाचें ही या लोकांची ठरलेली रीत होती. १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या लष्करांत राहिलेल्या ब्रौटन या इंग्रज अंमलदारानें तेथील पत्रांतून धरण्याचें वर्णन केलें आहे. धरणेकरी उपाशीं बसे आणि ज्याच्यावर धरणें त्यासहि जेवण घेणें अशक्य होई. उपास ही ज्यांच्या घरची नित्याची गोष्ट, त्यांनीं तिचेंच हत्यार करावें हें स्वाभाविक आहे. धरण्याची पायरी ओलांडली कीं काय घडतें तें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत दिसलें. गारदी आंत शिरले ते पगाराच्या निमित्तानें. त्यामागील राजकारण निराळें, आणि गारदी हे शिलेदारहि नव्हेत. पण तें निमित्त लोकांस खरें वाटण्यासारखें होतें, एवढें या लेखापुरतें पुरे. १७९८ सालीं सर्जेराव घाटग्यानें पुण्याच्या सावकारांपासून व नागरिकांपासून जो पैसा छळ करून उकळला त्यासहि शिंद्यांच्या फौजेच्या तुंबलेल्या तलबेचें कारण होतेंच. थकलेल्या तलबेचा भार शेवटीं कोणावर पडेल याचा नेम नसे.

चाकरी सोडून दुसऱ्या धन्याकडे जाणाऱ्या शिलेदारांस ‘निमकहराम’ हा शब्द बखरकारांनीं सढळ हातानें लाविला आहे. तो वाचतांना सावध असावें. मीठ खाल्लें असेल तर हरामीचा प्रश्न. दोन सालांची बाकी अडकलेली, सावकार दारांत, घरीं नवें बाळंतपण. अशा स्थितींत शेजारच्या सरदारानें रोख नालबंदी पुढें केली आणि ती कोणी घेतली, तर दोष कोणाचा तें इतिहासकारानें ठरवावें. परंतु ठरविण्यापूर्वीं बाकीचा कागद पाहावा. उलट, कित्येक माणसें बाकी अडकली म्हणूनच धनी सोडूं शकत नसत, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. चाकरी सोडली कीं मागील बाकी बुडाली. थकबाकी ही बेडी आहे हें हुशार सरदार जाणून होते, असा आम्हांस संशय येतो.

आतां ‘बालपरवेशी’. परवरिश या फारसी शब्दावरून हा आला. अर्थ मुलांचें संगोपन. चाकरींत ठार झालेल्या माणसाच्या बायकोमुलांस सरकारांतून जी नेमणूक होई ती बालपरवेशी. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत अशा नोंदी आहेत. कधीं ती रोख असे, कधीं जमीन असे. कधीं मयताच्या अज्ञान मुलाच्या नांवें पथक अथवा तैनात चालू ठेवून काम चुलत्यानें पाहावें अशी तजवीज होई. या शेवटच्या प्रकारामुळें संशोधकांची मोठी फसगत होते. यादींत पथक्या म्हणून ज्याचें नांव आहे तो कधीं कधीं पाळण्यांतील मूल असतो! मोहिमेच्या वर्णनाशीं नांव जुळेना म्हणून कागद बनावट ठरविण्यापूर्वीं त्या सालाच्या मागें एखादी मोठी लढाई आहे काय तें पाहावें.

बालपरवेशी ही पेशवाईची उदारता म्हणून सांगितली जाते, आणि ती उदारता होतीच. पण ती राज्याच्या गरजेचीहि होती. आपल्या माघारीं पोरें उघडीं पडणार नाहींत एवढा भरंवसा असल्यावांचून, घोडें हेंच ज्याचें सर्वस्व तो माणूस तें तोफेच्या तोंडीं घालीत नाहीं. मात्र तिची मर्यादाहि पाहिली पाहिजे. ती मिळे मोठ्या लढाईंत, धन्याच्या नजरेसमोर, नांव कळण्यासारख्या रीतीनें पडलेल्यांच्या घरास. छावणींत हगवणीनें मेलेल्याच्या, किंवा वाटेंत पेंढाऱ्यांनीं मारलेल्याच्या विधवेनें कोणता कागद पुढें करावा? अशा घरांचा मागोवा आम्हीं एकाच ठिकाणीं लागतांना पाहिला आहे, तो म्हणजे सावकाराच्या खतांत. पतीचें नांव जाऊन तेथें मुलाचें नांव येतें, साक्षीस मामा येतो, आणि तारणांत घोड्याच्या जागीं शेत येतें.

१८१८ नंतर हा सर्व बाजारच उठला. कांहीं राऊत नव्या रिसाल्यांत गेले, बहुतेक नांगरास लागले. त्यानंतर घरोघरच्या दप्तरांवर जो संस्कार झाला तो संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले. ज्याच्याजवळ सनद त्याचें इनाम राहणार, अशी वेळ आली. तेव्हां लोकांनीं दप्तरें उपसलीं आणि हक्क सिद्ध करणारे कागद वेगळे काढून जिवापलीकडे जपले. नालबंदीच्या व रोजमुऱ्याच्या चिठ्यांनीं कोणताच हक्क सिद्ध होत नव्हता. केलेल्या चाकरीचा मोबदला मागावयास धनीच उरला नव्हता. त्या माळ्यावर गेल्या, पुड्या बांधण्यास गेल्या, चुलींत गेल्या. आज आपल्या संग्रहांतून वतनदारांचा इतिहास भरघोस आहे आणि सालाच्या बोलीवर जगणाऱ्यांचा जवळजवळ नाहीं, याचें कारण त्या काळीं वतनदार अधिक होते हें नसून कागद निवडणारी चाळण तशी होती हें आहे. राजवाड्यांपासून पुढें सर्व संशोधकांनीं गांवोगांव हिंडून जें मिळविलें तें बव्हंशीं या चाळणींतून राहिलेलें होय.

म्हणून ज्यांस अशीं गाठोडीं अजून मिळत असतील त्यांस दोन-तीन सूचना करून लेख आटोपतों. चिठ्या विषयवार लावूं नयेत. ज्या क्रमानें बांधलेल्या सांपडतील तो क्रम अंक घालून तसाच राखावा, कारण रोजमुऱ्याच्या चिठीशेजारीं सावकाराचें खत बांधलेलें असेल तर तें बहुधा सहेतुक असतें. तिथीबरोबर सुहूर सन असल्यास तो मृगापासून बदलतो हें विसरूं नये, नाहीं तर एकाच पावसाळ्यांतील नड दोन निरनिराळ्या सालांत विभागली जाते. वाणसौद्याच्या याद्यांतून सुंठ, डिंक, अहाळीव हे जिन्नस एकत्र आलेले दिसले तर ती तिथि टिपून ठेवावी. घरांत बाळंतपण झाल्याची तीच नोंद असूं शकेल, आणि पत्रिका हरवली असल्यास तिचें काम ती करील. शेवटची सूचना छायाचित्रें घेणाऱ्यांस. जुन्या काळीं कागद महाग होता आणि कोरी पाठ कोणी वायां दवडीत नसे. सरकारी चिठीच्या पाठीवर निराळ्या हातानें, बहुधा कच्च्या मोडींत, घरखर्चाची बेरीज मांडलेली असते. अलीकडे आमच्याकडे ज्या प्रतिमा येतात त्यांतील बहुतेक पुढच्या बाजूच्याच असतात. दोन्ही बाजू घ्याव्या.